छोट्या खेळणी उद्योजकांनी सुरक्षिततेचे नियम कसे पाळावेत

लाकडी खुळखुळे, कापडी बाहुल्या किंवा भातुकलीचे संच घरी तयार करणाऱ्या अनेकांचा समज असा असतो की आयएसआय चिन्ह ही केवळ मोठ्या कारखान्यांची बाब आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. खेळण्यांवर हे चिन्ह सक्तीचे करणारा ‘खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२०’ हा १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला असून, १४ वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी बनवलेल्या वस्तूंना तो लागू होतो; मग ती वस्तू दुकानात विकली जावो, बचत गटाच्या प्रदर्शनात मांडली जावो किंवा व्हॉट्सॲपवर मागणी घेऊन पाठवली जावो.

सूट कोणाला आहे, हे आधी तपासावे. विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना, तसेच भौगोलिक मानांकन (विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या उत्पादनाची कायदेशीर ओळख) मिळालेल्या उत्पादनांच्या नोंदणीकृत मालकांना व अधिकृत वापरकर्त्यांना हा आदेश लागू नाही. चन्नपट्टणची लाखेची खेळणी हे अशा मानांकनाचे परिचित उदाहरण होय. मात्र माल हाताने बनवलेला आहे, एवढ्याने सूट मिळत नाही. नोंदणीचा कागद हाती असावा लागतो.

सूट नसेल, तर कामाचा आरंभ अर्जापासून नव्हे, खेळण्याच्या आराखड्यापासून करावा. ते कोणत्या वयाच्या मुलासाठी आहे, यावर पुढच्या बहुतेक चाचण्या ठरतात. ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’ अशी पट्टी चिकटवून सुटका करून घेण्याची पद्धत बाजारात सर्रास दिसते, पण खुळखुळा हा तान्ह्या बाळाच्याच हाती जाणार, हे उघड असल्याने तिथे त्या पट्टीला काही अर्थ उरत नाही. खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या आयएस ९८७३ या भारतीय मानकाच्या पहिल्या भागात यांत्रिक व भौतिक सुरक्षितता आहे. त्यातील लहान भागांच्या चाचणीसाठी ३१.७ मिमी व्यासाची, तिरक्या तळामुळे २५.४ ते ५७.१ मिमी खोल असलेली नळी वापरतात. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याचा सुटा किंवा ओढून निघालेला भाग या नळीत पूर्ण मावला, तर खेळणे नापास होते. बाहुलीला मणी किंवा बटणाचे डोळे लावण्याऐवजी ते भरतकामाने काढणे, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दुसरा भाग ज्वलनशीलतेचा. तिसऱ्या भागात रंगातून पाझरणाऱ्या आठ मूलद्रव्यांवर मर्यादा आहे आणि शिशासाठी ती किलोमागे ९० मिलिग्रॅम आहे, म्हणून रंग, लाख व वॉर्निश खरेदी करताना पुरवठादाराकडून चाचणी अहवाल मागून घ्यावा आणि प्रत्येक डब्याचा बॅच क्रमांक वहीत नोंदवावा. एकदा रंगवून झालेला माल नापास झाला तर तो दुरुस्त करता येत नाही. विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे वेगळे मानक आहे.

आयएसआय चिन्ह वापरण्याच्या परवान्याचा अर्ज भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘मानक ऑनलाइन’ या संकेतस्थळावर करावा. परवाना उत्पादनाच्या जागेसाठी दिला जातो. त्यामुळे दुसऱ्याकडून माल बनवून घेऊन त्यावर केवळ आपले नाव छापणाऱ्याने त्या कारखान्याचा परवाना खरा व चालू आहे का, हे ‘बीआयएस केअर’ ॲपवर सीएम/एल क्रमांक, म्हणजे परवाना क्रमांक, टाकून पडताळावे. अर्जापूर्वी उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्यावी आणि सूक्ष्म उद्योगांना शुल्कात व स्वतःची चाचणी प्रयोगशाळा असण्याच्या अटीत त्या वेळी कोणती सवलत आहे, हे मुंबई, पुणे किंवा नागपूर येथील ब्युरोच्या कार्यालयात लेखी विचारावे.

वेष्टनबंद खेळण्यावर वैधमापनशास्त्राच्या (वजन-मापांच्या) नियमांप्रमाणे उत्पादकाचे नाव व पत्ता, नगसंख्या, सर्व करांसह कमाल किंमत, निर्मितीचा महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हा मजकूर असावा लागतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील उत्पादन दायित्वाचे प्रकरण छोट्या व्यावसायिकांनी सहसा वाचलेले नसते. वस्तूत दोष असेल किंवा तिच्याबाबत दिलेल्या स्पष्ट हमीचे पालन होत नसेल, तर उत्पादकाला भरपाई द्यावी लागू शकते, आणि हमी देताना आपण निष्काळजीपणा केला नव्हता, हा बचाव तिथे पुरत नाही. म्हणूनच ‘शंभर टक्के बिनविषारी’ असे शब्द चाचणी अहवालाशिवाय छापू नयेत. प्रत्येक बॅचचा एक नमुना जपून ठेवावा आणि ती बॅच कोणत्या दुकानांना वा ग्राहकांना गेली, याची यादी ठेवावी, म्हणजे एखादे चाक निखळल्याची तक्रार आली, तर तेवढाच माल त्याच दिवशी परत मागवता येतो.