क्विझची यादी नीट छापत नाहीये? आधी स्क्रीनवर काय आलंय ते बघा

जावास्क्रिप्ट शिकताना क्विझ बहुतेक सगळेच बनवतात, प्रॉम्प्टने (उत्तर टाइप करायची छोटी खिडकी) पाच प्रश्न विचारायचे, बरोबर आलेले एका ॲरेत (म्हणजे कोडमधल्या यादीत), चुकलेले दुसऱ्यात आणि शेवटी दोन्ही याद्या पेजवर. प्रश्न विचारेपर्यंत सगळं मस्त चालतं आणि यादी छापताना गाडी अडते. तेव्हा वैतागून अख्खा कोड पुसू नका, काय चुकलंय ते बऱ्याचदा आउटपुटच सांगतं.

यादी छापायच्या आधी कन्सोल लॉग (ब्राउझरच्या कन्सोलमध्ये व्हॅल्यू दाखवणारी ओळ) टाकून बरोबरवाल्या ॲरेची लेंग्थ, म्हणजे त्यात किती प्रश्न आहेत ते बघा. पाचही उत्तरं बरोबर दिल्यावर तिथे ५ आलं तर ॲरे बरोबर भरलाय, घोळ छापण्यात आहे.

आता समजा पाचही बरोबर असून यादीत एकच प्रश्न दिसतोय, तर तो पहिला आहे का शेवटचा ते बघा. शेवटचा असेल तर लूपमध्ये (तोच कोड प्रत्येक प्रश्नासाठी पुन्हा चालवणारा भाग) नुसतं = लिहिलंय, += पाहिजे, नाहीतर प्रत्येक फेरीत आधीचं पुसलं जातं. पहिलाच असेल तर रिटर्न (फंक्शनचं उत्तर परत देणारी ओळ) लूपच्या कंसात अडकलाय, रिटर्न आला की फंक्शन तिथेच संपतं, त्याला कंसाच्या बाहेर काढा. यात माझा अख्खा रविवार गेलाय, कारण सगळा कोड डावीकडे चिकटवून लिहिलेला, कुठला कंस कोणाचा तेच कळेना.

अनडिफाइन्ड (म्हणजे व्हॅल्यूच नाही) कुठे दिसतंय त्यावरही बरंच कळतं. यादीच्या सुरुवातीला चिकटून आलं तर व्हेरिएबलला आधी रिकामी स्ट्रिंग (म्हणजे रिकामा मजकूर) दिलेली नाही. शेवटी एक जास्तीचा बुलेट आणि त्यात अनडिफाइन्ड, म्हणजे लूपमध्ये < च्या जागी <= पडलंय. यादीच्या जागी फक्त अनडिफाइन्ड आलं तर फंक्शनमध्ये रिटर्न लिहायचाच राहिलाय.

प्रश्नाला चिकटून स्वल्पविराम आणि उत्तरही दिसतंय? तुम्ही प्रश्न आणि उत्तराची अख्खी जोडी ॲरेत पुश केलीत (घातलीत), पुश करताना [i] च्या जागी [i][0], म्हणजे फक्त प्रश्न, एवढंच करा.

आणि सगळंच चुकलेल्यांच्या यादीत जात असेल तर छापणाऱ्या कोडला हात लावू नका. शिवराज्याभिषेकाचं साल विचारलं, १६७४ टाइप केलं तरी प्रॉम्प्ट ते स्ट्रिंग म्हणूनच देतो आणि तुमच्या ॲरेत नंबर असेल तर === (प्रकारही सारखा आहे का ते बघणारी तुलना) त्याला चूकच ठरवणार. उत्तरं इंग्रजी आकड्यांत टाइप करा आणि तुलनेआधी पार्सइंट (स्ट्रिंगचा नंबर करणारं फंक्शन) लावा.