पिटकेर्न बेटाजवळून जाताना सुटे डॉलर जवळ ठेवावेत

दक्षिण प्रशांत महासागरातील पिटकेर्न बेटावर जेमतेम पन्नासेक माणसे राहतात आणि त्यांतील बरीचशी, १७९० मध्ये येथे येऊन वसलेल्या ‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजावरील बंडखोर खलाशांची व त्यांच्यासोबतच्या, ताहिती बेटावरील स्त्रियांची वंशज आहेत. येथे ना विमानतळ आहे, ना मोठे जहाज लागेल असा धक्का. त्यामुळे समुद्र खवळलेला असल्यास प्रवाशांना उतरता येत नाही आणि काही क्रूझ जहाजे तर बेटाला नुसती फेरी घालून पुढे जातात. कार्यक्रमात नेमके काय आहे, हे आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावे.

उतरता आले नाही तरी फार हळहळू नये, कारण पुष्कळदा बेटकरीच आपल्या लांब होड्यांतून जहाजावर येतात आणि मिरो नावाच्या झाडाच्या लाकडातील कोरीवकाम, मध व टपाल तिकिटे विकतात. ही विक्री त्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार असल्याने घासाघीस टाळावी. चलन न्यूझीलंड डॉलर असले तरी अमेरिकन डॉलरही घेतात. लहान नोटा मात्र घरूनच आणाव्यात. मध घेण्यापूर्वी तो पुढील बंदरात नेता येतो का, याचे नियम पाहावेत.