टीसीजीए आणि जिओचा मायक्रोआरएनए डेटा मर्ज केला की शून्य रो येतात? (माझा अनुभव)

मी जळगावचा, एमएस्सीच्या प्रोजेक्टला ब्रेस्ट कॅन्सरचे मायक्रोआरएनए (जनुकांवर नियंत्रण ठेवणारे छोटे आरएनए) मार्कर शोधत होतो. टीसीजीएवर (कॅन्सरच्या जनुकीय डेटाचा मोठा संग्रह) मॉडेल ट्रेन करायचं, जिओच्या (मोबाइलवाला नाही, जीन एक्स्प्रेशनचा सार्वजनिक डेटाबेस) जुन्या अ‍ॅरेवर (चिपवर मोजलेला डेटा) तपासायचं, पण नावावर मर्ज केलं की शून्य रो. स्पेस काढल्या, मग सगळं स्मॉल अक्षरात केलं तर थोडी जुळली, पण तीच खरी फसवणूक, कारण 'मिर-२१' एकीकडे प्रिकर्सर (कापण्याआधीचा लांब आरएनए) आणि दुसरीकडे मॅच्युअर (त्यातून कापून निघालेला छोटा). एप्रिलचं ऊन, त्यात लाइट गेलेली, डोकं फिरी गयं.

चाललं ते असं. टीसीजीएची नेहमीची फाइल सोडा, ती प्रिकर्सर मोजते, आयसोफॉर्म क्वांटिफिकेशनवाली घ्या. तिच्या शेवटच्या रीजन कॉलममधल्या फक्त 'मॅच्युअर' रो ठेवा, स्वल्पविरामानंतरचा मिमॅट नंबर (मिरबेस डेटाबेसमधला मॅच्युअर मायक्रोआरएनएचा आयडी) वेगळा काढा, मग प्रत्येक सॅम्पलमध्ये त्या नंबरवर रीड्स पर मिलियनची (दर दहा लाख रीड्समागे किती, त्या आकड्यांची) बेरीज करा (लेट-७ए-५पी जिनोममधल्या तीन जागांवरून येतो, बेरीज विसरलात तर गेलं). नंतर अ‍ॅरेची नावं, ती जुनी स्टारवालीसुद्धा (मिर-२१* अशी), आर या प्रोग्रामिंग भाषेतल्या मिरबेसकन्व्हर्टर पॅकेजने मिमॅटमध्ये बदला आणि मग मर्ज. आधी मिमॅट०००००७६ बघा, दोन्हीकडे मिर-२१-५पीच पाहिजे. लॉग आणि झेड-स्कोअर (आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते) दोन्ही डेटाचे वेगवेगळे काढा.