जुन्या फोनवर लिनक्स कंटेनर: लाईट गेली तरी चालणारा घरचा सर्व्हर

फोंड्याकडे जून लागला की लाईट कधी जाईल याचा नेम नाही. आमच्या भजनी मंडळाची सगळी रेकॉर्डिंग एका डेस्कटॉपवर होती. एका गडगडाटात त्याचा पॉवर सप्लाय गेला, आणि मी ती सगळी लिनक्स (ॲण्ड्रॉइडऐवजी टाकता येणारी मोफत प्रणाली) चालणाऱ्या जुन्या फोनवर हलवली. फोनला बॅटरी असते, म्हणजे यूपीएस आतच आला.

फाईल वाटणारा प्रोग्राम थेट फोनवर न टाकता कंटेनरमध्ये का टाकायचा? कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारी सगळी सामग्री एका बंद डब्यात. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, मात्र फोनचाच वापरला जातो, म्हणून भार कमी पडतो. नको झाला तर डबा काढून टाका, फोन होता तसा राहतो.

ॲण्ड्रॉइडच्या गाभ्यातही लिनक्स कर्नलच आहे, पण कंटेनरला लागणाऱ्या सोयी त्यात सहसा बंद असतात. म्हणून फोनवर पोस्टमार्केटओएस हवी. अल्पाइन लिनक्सवर बेतलेली ही प्रणाली २०१७ पासून चालू आहे. पाईनफोन (२ किंवा ३ जीबी रॅम) चालतो. २०१८ चा वनप्लस ६ मिळाला तर जास्त बरे, त्यात किमान ६ जीबी रॅम आहे. बूटलोडर (फोन चालू होताना प्रणाली सुरू करणारा प्रोग्राम) उघडताना फोनवरचे सगळे पुसले जाते, तेव्हा फोटो आधी काढून ठेवा.

आता टर्मिनल उघडा. खालच्या आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, टाकताना इंग्रजी अक्षरांत टाका.

आधी ‘युनेम डॅश एम’ टाकून बघा. उत्तर एआर्क६४, म्हणजे ६४-बिट एआरएम प्रोसेसर, असे यायला हवे. मग ‘सुडो एपीके ॲड पॉडमन’. डॉकर आणि पॉडमन हे दोन्ही कंटेनर चालवणारे प्रोग्राम. डॉकरपेक्षा मी पॉडमन निवडतो, कारण त्याची सेवा सतत मागे चालत नाही आणि रूटशिवाय (सगळे अधिकार असलेल्या युझरशिवाय) काम होते.

रूटशिवाय चालवायचे तर एक पायरी चुकवू नका, माझी संध्याकाळ इथेच गेली. इटीसी फोल्डरमधल्या सबयूआयडी आणि सबजीआयडी या दोन्ही फाईलींत एक ओळ हवी: तुमचे युझरनेम, कोलन, १०००००, कोलन, ६५५३६. कंटेनरच्या आतल्या युझरांना बाहेर हे आकडे मिळतात. नंतर ‘पॉडमन सिस्टिम मायग्रेट’ चालवा. तुमच्या प्रणालीत सीग्रुप्स (कंटेनरला रॅम-प्रोसेसर वाटून देणारी सोय) ही वेगळी सेवा असेल तर तीही सुरू करून ठेवा.

आता इमेज, म्हणजे कंटेनर ज्यावरून बनतो तो तयार साचा, आणायची. आपल्याला एनजिनएक्सची हवी; तो फाईली ब्राउझरला देणारा वेब सर्व्हर. आणताना पूर्ण नाव द्या: ‘पॉडमन पुल’, पुढे डॉकर डॉट आयओ, स्लॅश लायब्ररी, स्लॅश एनजिनएक्स, कोलन अल्पाइन. ही इमेज एआरएमसाठीही मिळते. इंटेलसाठीची इमेज आली तर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ दिसेल; फोन बिघडलेला नसतो, इमेज चुकलेली असते.

‘पॉडमन रन’ला तीन गोष्टी सांगायच्या. मागे चालण्यासाठी डॅश डी. पोर्टसाठी (बाहेरून आत येण्याच्या क्रमांकित दारासाठी) डॅश पी, ८०८०:८०. रूटशिवाय १०२४ खालचा पोर्ट मिळत नाही, म्हणून बाहेरचा ८०८०. आणि डॅश व्ही लावून रेकॉर्डिंगचा फोल्डर आतल्या यूएसआर, शेअर, एनजिनएक्स, एचटीएमएल या जागी जोडा. शेवटी आरओ (फक्त वाचण्यापुरते) लावा, म्हणजे आतून काही खोडले जाणार नाही. सगळ्यात शेवटी इमेजचे नाव.

दुसऱ्या फोनवर ब्राउझर उघडून या फोनचा आयपी आणि ८०८० टाकला, तर मला ‘४०३ फॉरबिडन’ आले. फोल्डरमध्ये इंडेक्स पान नव्हते, आणि एनजिनएक्स आपणहून यादी दाखवत नाही. मी प्रत्येक अभंगाची लिंक असलेले साधे एचटीएमएल पान लिहिले. आमचे पखवाजवाले काका आता तिथूनच जुन्या चाली ऐकतात.

स्क्रीन बंद झाली की फोन झोपतो आणि कंटेनरही गप्प होतो, तेव्हा सेटिंगमध्ये आपोआप सस्पेंड होणे बंद करा. फोन रीस्टार्ट झाला तर ‘पॉडमन स्टार्ट’ आणि कंटेनरचे नाव हाताने टाकावे लागते. पोर्ट घरच्या वायफायपुरताच ठेवा, इंटरनेटवर उघडू नका.

लाईट गेली की राउटरही जातो, हे आधी माझ्या लक्षात आले नव्हते. तेव्हा या फोनचाच हॉटस्पॉट लावतो. आणि चार्जर चोवीस तास लावून ठेवू नका: बॅटरी फुगते, आणि आपल्या दमट हवेत बंद कपाटात फोन आणखी तापतो. मी दर रविवारी मागचे झाकण सपाट आहे ना, ते हात फिरवून बघतो. उचललेले वाटले तर फोन बंद करून बॅटरी बदलायची, ती पुन्हा चार्ज करायची नाही.