जाहिरात बघून बायोडाटा कसा बदलावा: अकाउंट्सच्या एका जागेचं उदाहरण

समजा जाहिरात अशी आहे. चाकण एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, पद अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह. बी.कॉम., 2 ते 4 वर्षांचा अनुभव, टॅली प्राइम (हिशोबाचं सॉफ्टवेअर), जीएसटीआर-1 आणि 3बी (जीएसटीची रिटर्न: पहिलं विक्रीचं, दुसरं कर भरण्याचं), 2बीशी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) खरेदीचा ताळमेळ, टीडीएस, ई-वे बिल (माल वाहतुकीसाठीचं ऑनलाइन बिल), जॉब वर्कची चलनं (बाहेर प्रक्रियेला पाठवलेल्या मालासोबतचे कागद), पुरवठादारांची पेमेंट्स. शेवटी एक ओळ: सध्याचा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च), अपेक्षित सीटीसी आणि नोटिस पिरियड कळवा. उमेदवार साताऱ्यात एका सीएंच्या ऑफिसात 3 वर्षं काम करतोय, कारखान्यात कधी बसलेला नाही. दोन्ही उदाहरणापुरते, पण अशा जाहिराती रोज निघतात आणि असे उमेदवार शेकड्याने अर्ज करतात.

आधी बायोडाट्याला हात लावू नका. जाहिरात कोऱ्या पानावर उतरवून घ्या, एका ओळीत एकच मागणी. प्रत्येकीसमोर लिहा: हे मी केलंय का, कुठे, किती वेळा, कशावर. ज्या ओळीसमोर काहीच लिहिता येत नाही तिथे रेघ मारा. मागण्यांपैकी निम्म्याहून जास्त ओळींसमोर रेघ आली तर ही जागा सोडून दुसरी बघा. शब्द फिरवून ही उणीव भरून निघत नाही. सूचनेची ओळ वेगळी काढा. सीटीसी मागितलाय आणि अर्जात नाही, एवढ्यावर बरेच अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला पडतात.

हे तक्ता बनवायचं काम सोपं व्हावं म्हणून एक मोठा बायोडाटा घरात ठेवा. चार-पाच पानांचा झाला तरी चालेल, तो कुणाला पाठवायचाच नसतो. केलेलं प्रत्येक काम, सॉफ्टवेअर, आकडे, तारखा त्यात. पाठवायचा बायोडाटा दर वेळी त्यातूनच कापून काढायचा. 3 वर्षांच्या अनुभवाला एक पान पुरतं.

आता शब्द. अर्ज सर्वांत आधी बघणारी व्यक्ती बहुतेक वेळा अकाउंट्सची नसते, एचआरची असते. तिच्यासमोर जाहिरातीची यादी असते आणि ती त्या यादीतले शब्द शोधते, डोळ्यांनी किंवा सॉफ्टवेअरने. तुम्ही 'जीएसटीचं सगळं काम' लिहिलंत तर त्यात 2बी आलं हे तिने ओळखायचं कसं? जाहिरातीत जो शब्द आहे तोच वापरा. जुन्या ऑफिसात टॅली ईआरपी 9 वापरलं असेल आणि नंतर प्राइम, तर दोन्ही लिहा. प्राइम 2020च्या नोव्हेंबरमध्ये आलं, नुसतं ईआरपी 9 लिहिलेला बायोडाटा जुना वाटतो.

शब्द जुळले की पुरावा. बायोडाटा इंग्रजीत असेल; ओळी कशा बदलतात ते इथे मराठीत बघू. मूळ ओळ होती, 'जीएसटी रिटर्न भरणे, टॅलीमध्ये एंट्री करणे.' तिच्या दोन ओळी अशा झाल्या:

'16 ग्राहकांची जीएसटीआर-1 आणि 3बी दरमहा मुदतीत. त्यांपैकी 5 उत्पादक कारखाने.'

'दरमहा 14 तारखेला आलेली 2बी खरेदीच्या नोंदींशी जुळवून, न जुळलेल्या बिलांची पुरवठादारनिहाय यादी आणि 20 तारखेच्या 3बीआधी पाठपुरावा.'

दुसऱ्या ओळीची ताकद तारखांत आहे. मासिक रिटर्न भरणाऱ्याला 2बी 14 तारखेला मिळते आणि 3बीची मुदत 20ला संपते. पुरवठादाराने बिल दाखवलं नाही, जीएसटी क्रमांक चुकवला, बिल क्रमांकात घोळ केला, हे सगळं त्या सहा दिवसांत शोधून पुरवठादाराच्या मागे लागावं लागतं, नाहीतर क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकून राहतं. मुलाखत घेणारा अकाउंट्स मॅनेजर दर महिन्याला हेच भोगत असतो. ही ओळ वाचून त्याला कळतं की समोरच्याने हे हाताने केलंय. पहिल्या ओळीतल्या '5 उत्पादक कारखाने' या शब्दांनी 'कारखान्याचा अनुभव नाही' ही अडचण निम्मी झाली. सीएंच्या ग्राहकांची नावं मात्र लिहू नका. धंदा आणि साधारण उलाढाल पुरे.

जॉब वर्क ही या जाहिरातीतली सर्वांत महत्त्वाची ओळ, आणि नेमकी तीच बहुतेक अर्जांत कोरी असते. चाकणचा कारखाना प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला माल बाहेर पाठवतो. तो चलनावर जातो आणि कच्चा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर पाठवलेल्या दिवशीच विक्री झाली असं धरून कर लागतो. हा हिशोब आयटीसी-04 या जीएसटीच्या फॉर्ममध्ये जातो. उमेदवाराने ग्राहकांच्या चलनांवरून आयटीसी-04 भरला असेल, तर ती ओळ पहिल्या तीनांत हवी: 'दोन कारखान्यांच्या जॉब वर्क चलनांवरून आयटीसी-04, मुदत संपत आलेल्या चलनांची यादी.' चलन स्वतः कधी बनवलेलं नसेल तर 'बनवलं' म्हणू नका.

हीच कसोटी प्रत्येक ओळीला लावा: यावर पाच मिनिटं बोलता येईल का? ई-वे बिल लिहिलंत तर पार्ट बीमध्ये काय भरतात, हा प्रश्न येणारच. गाडीचा तपशील, हे उत्तर अडखळलं की बाकीचा खरा अनुभवही संशयात जातो.

काय काढायचं, यात फार विचार नको. वडिलांचं नाव, जात, धर्म, लग्न झालंय की नाही, छंद, शेवटचं प्रतिज्ञापत्र आणि सही, हे सगळं खासगी नोकरीत जागा खातं. वैयक्तिक आयकर रिटर्न या जागेला बिनकामाचे, एका ओळीत आवरा. पूर्ण पत्त्याऐवजी 'सातारा. चाकणला राहायला येण्याची तयारी' लिहा, कारण एचआरला तीच शंका असते. (सरकारी भरतीत यातलं काही लागू नाही. तिथे नमुना ठरलेला असतो, तो जसाच्या तसा भरायचा.)

कॅनव्हावरचे दोन रकान्यांचे रंगीत नमुने टाळा. पीडीएफ झाल्यावर त्यातला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. ओळी एकमेकींत घुसल्या, फोन नंबर गायब झाला, किंवा काहीच आलं नाही, तर कंपनीच्या सॉफ्टवेअरलाही तसंच दिसणार. पतसंस्थेला मराठीत अर्ज करत असाल तर युनिकोडमध्येच टाइप करा; जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर भलतीच अक्षरं दाखवतो. काही जण जाहिरातीतले शब्द पांढऱ्या रंगात लपवून टाकतात. मजकूर वेगळा काढला की तेही उघडे पडतात, आणि मग अर्ज सरळ कचऱ्यात.

कव्हर लेटर ईमेलच्या मजकुरातच लिहा, 150 ते 200 शब्दांत. बायोडाटा परत सांगायचा नाही. दोन कामं करायची: सर्वांत जड मागणीला उत्तर द्यायचं आणि वाचणाऱ्याच्या मनातली शंका आपणहून काढायची. आपल्या उमेदवाराचा गाभा असा होईल:

'आपल्या जाहिरातीत 2बी ताळमेळ आणि जॉब वर्क ही कामं आहेत. गेली 3 वर्षं सीए ऑफिसमध्ये 5 उत्पादक कारखान्यांची ही कामं सांभाळतो. त्यांतल्या दोघांचा आयटीसी-04 मी भरतो. कारखान्यात बसून चलन बनवण्याचा अनुभव नाही, पण त्या चलनांतल्या चुका रिटर्नच्या वेळी मीच शोधतो. सध्याचा सीटीसी वार्षिक 2.76 लाख, अपेक्षित 3.30 ते 3.60 लाख, नोटिस पिरियड 30 दिवस.'

'आपल्या नामांकित कंपनीत काम करण्याची संधी मिळाल्यास' अशा वाक्यांना यात जागा नाही. सीटीसी लिहिताना हातात येणारा पगार लिहू नका. पीएफमधला कंपनीचा हिस्सा धरून वार्षिक आकडा काढा, नाहीतर पुढची बोलणी कमी आकड्यापासून सुरू होतात. विषयाच्या ओळीत पद, ठिकाण आणि अनुभवाची वर्षं. फाइलला नाव आणि पद द्या, 'फायनल न्यू 2' नको. पाठवण्याआधी पत्रात मागच्या कंपनीचं नाव राहिलंय का ते शोधा. ही चूक रोज होते आणि तिला माफी नसते.

नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवरच्या तारखा, पदं बायोडाट्याशी जुळती ठेवा. शेवटी जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पाठवलेली पीडीएफ एकाच फोल्डरमध्ये टाका. जाहिरात आठवड्यात उतरते, फोन तीन आठवड्यांनी येतो, आणि एचआर विचारते, 'जॉब वर्कचं काम केलंय म्हणालात ना?'