टपरीच्या वेळेला सायकल काढा
सिगारेटची तलफ बहुतेकदा ५-१० मिनिटांत ओसरते. म्हणून टपरीवर जायची जी वेळ, नेमकी तीच सायकलची ठेवा. सकाळच्या चहाबरोबरची सिगारेट सगळ्यात चिवट, तेव्हा सुरुवात तिथूनच. उन्हाळ्यात सातच्या आत विजापूर रोडवरच्या संभाजी तलावापर्यंत जाऊन या. नंतर सोलापूरचं ऊन सोसत नाही. दम लागेल, लागू दे. पण बोलता येईल इतकाच वेग ठेवा. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट वर घ्या, नाहीतर गुडघे दुखतात आणि सायकल जिन्याखाली जाते. खिशात बडीशेप, लायटर घरी (खरं तर कचऱ्यात). छातीत दुखलं तर थांबा, थेट डॉक्टर गाठा. तलफ फारच छळत असेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे.