युरिक ॲसिड वाढलंय? या चुका टाळा

रिपोर्टवर युरिक ॲसिड ७.५ दिसलं, की खान्देशात पहिली गदा येते ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर. उडीद बंद, तूरडाळ बंद, भरीतसुद्धा बंद. वांग्याने कुणाचं काय घोडं मारलंय, देव जाणे! डाळींत प्युरिन असतं, ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं, हे खरं; पण त्याने गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजून ठणकण्याचा, धोका फारसा वाढत नाही. तो वाढतो मटणाने, त्यातही कलेजी-गुर्द्याने, बिअरने आणि गोड कोल्ड्रिंकने. आखाडात कलेजीवर ताव मारायचा आणि श्रावणात डाळ सोडायची, हा हिशोबच उलटा. कडक उपासही नको. उपाशी शरीरात चरबी जळून बनणारे कीटोन वाढतात आणि मूत्रपिंडं युरिक ॲसिड कमी बाहेर टाकतात.

आता दुखतं कशामुळे, ते बघू. डेसिलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे युरिक ॲसिड रक्तात नीट विरघळत नाही. पायाच्या अंगठ्यासारख्या थंड सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक साचतात. भक्षक पेशी त्यांना शत्रू समजून गिळतात, पण पचवता येत नाहीत. मग पेशीतली एनएलआरपी-३ ही धोक्याची यंत्रणा जागी होते, इंटरल्युकिन-१ बीटा हे सूज पेटवणारं रसायन सुटतं आणि पांढऱ्या पेशींची झुंबड उडते. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी २००६ मध्ये हा दुवा दाखवला. रात्रीतून अंगठा लालबुंद, चादरही टेकवत नाही, ही सगळी करणी आपल्याच प्रतिकारशक्तीची.

ऐन ठणक्यात केलेला रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. तेवढ्यावरून गाऊट नाही असं ठरवू नका. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. उलट काहीच त्रास नसेल, तर नुसत्या आकड्यासाठी बहुतेकांना गोळी लागत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक गोळीचीच. ॲलोप्युरिनॉल ही युरिक ॲसिड कमी करणारी गोळी सुरू केल्यावर जुने स्फटिक सुटू लागतात, म्हणून पहिले काही महिने ठणका उलट वाढू शकतो. ‘गोळी बाधली’ म्हणत लोक ती सोडतात आणि मेडिकलवरून दुखीच्या गोळ्या आणून मूत्रपिंडांची वाट लावतात. या काळासाठी डॉक्टर सहसा ३ ते ६ महिने कमी डोसची कोल्चिसिन ही ठणका रोखणारी गोळी जोडतात; तसं सांगितलं नसेल तर विचारा. चालू गोळी ठणक्यातही थांबवायची नसते. आकडा ६ च्या खाली टिकला, तरच स्फटिक हळूहळू विरघळतात.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ वर जातो. केळीच्या बागेत राबणाऱ्याने पाण्याची बाटली विसरली, तर मुतखड्याचीही भीती. बीपीच्या काही गोळ्यांनीही युरिक ॲसिड वाढतं. डॉक्टरांना सांगा, परस्पर बंद करू नका.

सांधा गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल, तर गाऊट समजून घरी बसू नका. सांध्यात पू झाला असू शकतो, आणि ते आतलं पाणी तपासल्याशिवाय कळत नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा.